'मुक्त पतन' म्हणजे खालीच पडायला पाहिजे का?

प्रश्न (धरमपेठेतली आई): पोराला दहावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा शिकवून राहिली. गणितात दगड वर फेकलाय आणि उत्तरात म्हणे 'मुक्त पतन'. वर जाणाऱ्याचं पतन कसं काय जी?

निवृत्त मास्तर: ताई, आपला कान 'पतन'वर अडतो, अर्थ मात्र 'मुक्त'मध्ये आहे. गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं कोणतंच बल नाही, ते मुक्त पतन. हवेचा विरोध सोडला तर हात सुटल्याक्षणी दगड मुक्त पतनातच असतो, वर जातानाही. शेंड्यावर वेग शून्य होतो, त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, मात्र तेच, खाली ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. पोरं तिथे त्वरणही शून्य लिहून मोकळी होतात.

सीताबर्डीतला शिकवणीवाला: माझ्या मते खरी गंमत क्रियापदात आहे. गच्चीवरून संत्रं 'पडलं' किंवा 'सोडलं', तर सुरुवातीचा वेग शून्य. 'फेकलं', तर शून्य नाही, वेग दिलेला असतो. आणि 'टाकलं' म्हटलं की घोळ! आपल्याकडे टाकणं म्हणजे सोडणंही आणि फेकणंही. पेपर काढणाऱ्यानं हा शब्द वापरूच नये.

पण 'सोडलं' दिसलं की शून्य, असं पाठ करू नका. ५ मीटर प्रति सेकंद वेगानं वर जाणारा फुगा जमिनीपासून ३० मीटरवर असताना त्यातून दगड सोडला. दगडाला फुग्याचाच वेग मिळतो, म्हणून तो आधी थोडा वर जाईल. वरची दिशा धन आणि त्वरण १० धरा:
−३० = ५ × वेळ − ५ × वेळ²
वेळ ३ सेकंद. शून्य धरला असता तर २.४५ च्या आसपास आला असता. सोडला म्हणजे फुग्याच्या मानानं सोडला, जमिनीच्या मानानं नाही.

वाचक: म्हणजे अंतराळवीर तरंगतात तेही हेच ना?

मास्तर: हेच. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर, तिथे गुरुत्व जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के आहे. स्थानक आणि माणूस दोघंही सारखेच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. 'शून्य गुरुत्वाकर्षण' हा शब्द तिथे चुकीचाच.

धरमपेठेतली आई: मग फुटाळा तलावातल्या कारंज्याचं पाणी?

शिकवणीवाला: तोंडातून सुटलेली जाड धार चालेल. बारीक तुषार धरू नका, त्यांना हवा लय अडवते.