बायपासनंतर वजन उतरलं, मन मात्र जडच. कुणाला दाखवावं?

सांजवारा:
गॅस्ट्रिक बायपासला, म्हणजे वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनला, चौदा महिने झाले. ४१ किलो उतरले. लोक कौतुक करतात आणि मी न्हाणीघरात जाऊन रडते. दोन खुर्च्यांमधून जाताना अजून अंग चोरते. कपडे घ्यायला गेले की हात आपसूक सगळ्यात मोठ्या मापाकडे जातो. घरी म्हणतात, "आता काय कमी आहे तुला?" नैराश्याची गोळी ऑपरेशनच्या आधीपासून चालू आहे.

बिनधास्त:
ताई, एवढं वजन उतरलंय, आनंदात राहा की!

रातराणी:
बिनधास्त, हेच ऐकून ऐकून माणूस बोलायचं बंद करतो.
सांजवारा, माझ्या स्लीव्हला (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी काटा रोज खाली, त्या नशेत बाकी काही जाणवत नाही. मग काटा थांबतो, कौतुकही आटतं. आणि मुख्य म्हणजे मी वाईट वाटलं की खायचे. ती वाट बंद झाली, वाईट वाटणं होतं तिथंच राहिलं. मला समुपदेशनाचा खरा उपयोग तेव्हा झाला. ऑपरेशनआधीची ती एक भेट म्हणजे सहीपुरती होती. बॅरिअ‍ॅट्रिक (वजनाच्या ऑपरेशनचे) रुग्ण पाहणारा मानसोपचारतज्ज्ञ सर्जनकडूनच विचारून घ्या.
त्याआधी दोन गोष्टी. बी-१२ आणि लोह तपासा, कमी असलं की थकवा येतो, मनही उतरतं. आणि ती गोळी कुठल्या प्रकारची आहे? बायपासनंतर औषध शोषलं जाण्याचं गणित बदलतं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचा तर पूर्ण गुण येईलच असं नाही. स्वतःहून बंद मात्र करू नका.

जुनापापी:
माझं वाकडं दारूनं झालं. बायपासनंतर ती झटकन चढते. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका मोठ्या पाहणीत दारूचा त्रास पहिल्या नाही, दुसऱ्या वर्षी वाढलेला दिसला. माझंही तसंच. आधी महिन्यातून एकदा घेणारा मी!

रातराणी:
आणि ताई, जगणं नकोसं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

सांजवारा:
तितकं नाही वाटत, पण सांगितलंत ते बरं केलंत. आत्ता पाकीट काढून बघितलं. नावापुढे बारीक अक्षरात एसआर लिहिलंय, म्हणजे हळूहळू विरघळणारीच. इतके महिने रोज हातात घेतेय, कधी वाचलंच नव्हतं. सकाळी डॉक्टरांना फोन करते.