सोयाबीनच्या धरण्यावर नट बोलवावा का?

औसेकर: हमीभाव खरेदीसाठी धरणं ठरलं की बैठकीत पहिला विषय निघतो, एखादा सिनेमावाला आणता येईल का? माझं मत, आणूच नये. अकराची वेळ दिलेला माणूस एक वाजता येतो. निवासी उपजिल्हाधिकारी निवेदन घ्यायला बाहेर आले, तर मंडप रिकामा, सगळे गाडीभोवती मोबाईल धरून. या गडबडीत दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची राहते. सही, शिक्का, तारीख नसेल तर पुढच्या खेपेला निवेदन दिलं हेच सिद्ध करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो त्याचा, आणि बारदाना, म्हणजे पोती, नाही म्हणून बंद पडलेलं खरेदी केंद्र शेवटच्या ओळीत.

९ ऑगस्ट २०१६ चा औरंगाबादचा पहिला मराठा क्रांती मोर्चा आठवा. पुढं मुली अन् बाया, पुढारी सगळ्यात मागं, घोषणा नाही. चेहरा कुणाचाच नव्हता, म्हणून मागण्या दिसल्या.

माजलगावकर: त्या मोर्चाला अफाट गर्दी होती हो. चाळीस माणसांच्या धरण्याकडं कोण बघतं? दिल्लीच्या सीमेवर शेतकरी नोव्हेंबर २०२० पासून बसले होते. २ फेब्रुवारी २०२१ ला पॉप गायिका रिहानानं एका ओळीचं ट्वीट केलं, अन् दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाला निवेदन काढावं लागलं.

जिंतूरकर: अन् त्यानंतर काय झालं? आपलेच क्रिकेटपटू, कलाकार उलट बाजूनं ट्वीट करायला लागले. तीन कृषी कायदे राहिले बाजूला, बाहेरच्यांनी बोलावं का यावरच वाद. कायदे मागं घ्यायची घोषणा झाली १९ नोव्हेंबर २०२१ ला. तोवर तंबू टिकवले ते गावोगावहून पाळीपाळीनं येणाऱ्यांनी आणि लंगरनं.

माजलगावकर: मग २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर अन् मकरंद अनासपुरे आत्महत्याग्रस्त कुटुंबांकडं गेले, तेही चूक का? त्यांच्यामुळं मराठवाड्याचं दुःख पुण्या-मुंबईच्या घरात पोचलं.

औसेकर: चूक मुळीच नाही, त्याची किंमत आपण सगळे जाणतो. पण ती मदत होती. धरण्यात समोर सरकार असतं, त्याच्याकडून तारीख अन् लेखी आदेश काढून घ्यायचा असतो.

वसमतकर: बोलवायचाच तर निवेदनाच्या दिवशी नको. पाचव्या-सहाव्या दिवशी बोलवा, बातमी आतल्या पानावर गेलेली असते तेव्हा. पोलिसांच्या परवानगी अर्जात त्याचं नाव आधीच घाला. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असला अन् गर्दी हाताबाहेर गेली, तर गुन्हा आयोजकांवर पडतो, त्याच्यावर नाही. मंचावर खुर्ची देऊ नका, सतरंजीवर बसवा.

आणि भाषणाऐवजी त्याच्या हातानं मूठभर सोयाबीन ओलावा मोजायच्या मॉइश्चर मशीनमध्ये टाकायला लावा. पावसात भिजलेला माल १४ दाखवणार. कॅमेरा त्या आकड्यावर थांबू द्या. खरेदीची अट १२ टक्क्यांची. २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव होता, पण तो कागदावर राहतो, माल परत फिरतो अन् आडतीवर पडेल भावात जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानंच ही अट १५ पर्यंत सैल केली होती. म्हणजे मागणी मान्य होण्यासारखी आहे, अन् ती एका मुठीत दिसते.

जिंतूरकर: आकडा दिसला की पत्रकार त्याला विचारणार, नवा सिनेमा कधी?

वसमतकर: प्रश्नोत्तरं ठेवायचीच नाहीत. पत्रकारांपुढं ज्या बाईचा माल परत आला तिला बसवा, सातबारा अन् नोंदणीचा मेसेज हातात घेऊन. नट पंधरा मिनिटांत गाडीत.

औसेकर: पंधरा मिनिटांचं आधी कबूल करून घेणार असाल, तर माझा विरोध निवेदनाच्या दिवसापुरता.