मदत हवी आहे: कापलेल्या कोंबड्यांना दुसऱ्याच दिवशी वास येतोय

सकाळची_पाळी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कोंबड्या कापायचं छोटं युनिट आहे. तीन आठवडे झाले, माल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बुळबुळीत होतो आणि पंखाखाली वास मारतो. काल एका हॉटेलने क्रेटसकट सगळा परत पाठवला. साफसफाई रोज होते, पाण्यात क्लोरीन असतं, चिलर ४ अंश दाखवतो, माणसं जुनी आहेत. पाण्यात काय टाकलं की माल तीन-चार दिवस टिकेल? आणि परत आलेला माल क्लोरीनमध्ये धुऊन घेतला तर चालेल का? लवकर सांगा, पहाटे चारला परत कापायचंय.

माजी_निरीक्षक
परत आलेला माल फेका. धुऊन वास जाईल, बाकी काही जाणार नाही. वास आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आडवं पाडणारे वेगळे. साल्मोनेलाला वास नसतो.
आता सांगा: दिवसाला किती पक्षी? रक्त किती वेळ निथळू देता? पिसं काढायचं गरम पाणी किती अंशांवर? पोट साफ झाल्यापासून चिलरमध्ये जायला किती वेळ? आणि ४ दाखवतो तो चिलर की मांस?

उकडहंडी
गरम पाणीच असणार, पैज लावा. आमच्याकडे हाच प्रकार झालेला. पिसं पटकन निघतात म्हणून पोरगा टाकी ६५च्या वर न्यायचा. कातडी अर्धी शिजायची, मशीनमध्ये गेली की मांडीजवळ फाटायची, छातीवर पांढुरके चट्टे. फाटलेल्या कातडीखाली घाण शिरली की कितीही धुवा. ५२-५३ला दीड-दोन मिनिटं, नाहीतर ५८-६०ला मिनिटभर. आणि रक्त निथळायला दीड ते तीन मिनिटं द्याच. पक्षी अर्धवट जिवंत टाकीत गेला तर ते घाण पाणी श्वासाबरोबर फुप्फुसात ओढतो.

ओंडका
लाकडी ठोकळा आहे का? असेल तर जाळा. बाकी चर्चा नंतर.

पिवळी_चोच
आयडी ओंडका आणि सल्ला ठोकळा जाळा. :)
अहो, प्लास्टिकचा पाट सुरीच्या चिऱ्यांनी भरला की त्याचीही तीच गत. मुद्दा धुण्याचा आहे. लोक पहिल्यांदाच उकळतं पाणी ओततात, रक्त तिथेच शिजून चिकटतं. आधी गार पाणी, मग साबण आणि ब्रश, मग खळखळून धुणं, सगळ्यात शेवटी जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया. पिसं काढायच्या मशीनची रबरी बोटं बघा, तडे गेले असतील तर बदला.

ओंडका
प्लास्टिक निदान तासून परत वापरता येतं. लाकडाच्या भेगेत काय आहे ते तुम्हाला दिसतं का?

नुसता_वाचक
चांगला धागा. यावरून आठवलं, घरी चिकन नळाखाली धुवू नका. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. आतपर्यंत ७४ अंश शिजवलं की झालं. आमच्या घरी यावरून रोज भांडण.

सकाळची_पाळी
अहो, मी विकणारा आहे, घरी धुण्याचं कुठे आलं मध्येच.
पक्षी ३००. पक्षी कोनमध्ये (निमुळत्या नळकांड्यात) उलटा धरून रक्त निथळतो, घाई करत नाही. गरम पाणी हात लावून बघतो, वीस वर्षांचा अंदाज आहे. पोट काढलं की ड्रममध्ये, त्यात बर्फ आणि क्लोरीन. क्लोरीन कमी नाही, डोळे चुरचुरतात इतका वास असतो. मग क्रेट भरून चिलरमध्ये. ठोकळा लाकडी आहे, पण तो आधीपासूनच आहे.

उकडहंडी
हात लावून?! ६०च्या पाण्यात काही सेकंदांत हात भाजतो, त्या हाताला ५८ आणि ६५ मधला फरक काय कळणार, दादा?

माजी_निरीक्षक
डोळे चुरचुरतात म्हणजे क्लोरीन जास्त आहे असं नाही. उलट रक्त, चरबी, विष्ठेशी जोडलं गेलेलं क्लोरीनच जास्त वास मारतं, आणि त्यात मारायची ताकद फारशी उरलेली नसते. पट्टी मिळते, तिने मोकळं, म्हणजे कशाशी न जोडलेलं, क्लोरीन मोजा, २० ते ५० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम). ड्रमचं पाणी किती वेळा बदलता?

पिवळी_चोच
युरोपीय संघाने क्लोरीनने धुतलेली कोंबडी १९९७ पासून बंद ठेवली आहे. कारण हेच, शेवटी धुतोच आहोत म्हटलं की आधीची घाण चालवून घेतली जाते.

नुसता_वाचक
मग क्लोरीनच्या ड्रममध्येच व्हिनेगर घालायचं. दोन्हीचा गुण मिळतो.

माजी_निरीक्षक
अजिबात नको! ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत माणूस दगावू शकतो. वाचणाऱ्यांपैकी कुणीही हे करू नका.

सकाळची_पाळी
पाणी बदलत नाही, सकाळी एकदाच भरतो. दिवसभर बर्फ असतोच.

पिवळी_चोच
मला एक कळेना. वीस वर्षं तुमचा हात तोच, ठोकळा तोच, ड्रम तोच. मग तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं?

सकाळची_पाळी
काहीच नाही. हॉटेलांची ऑर्डर वाढली फक्त. आधी १२० कापायचो, आता ३००. बर्फ तेवढाच, साठ किलो.

माजी_निरीक्षक
अहो, ही गोष्ट पहिल्याच ओळीत हवी होती!
हिशोब मांडतो. कापलेला पक्षी ४० अंशांच्या आसपास असतो. दीड किलोचा एक पक्षी ४ वर आणायला अर्धा किलोहून थोडा जास्त बर्फ वितळतो. ३०० पक्ष्यांना झाला दीडशे किलोच्या वर, शिवाय ड्रमचं पाणी गार करायला वेगळा. साठ किलो १२० पक्ष्यांनाच जेमतेम पुरत होता, राहिलेली उष्णता चिलर ओढून घ्यायचा. आता कोमट कोंबड्या क्रेटमध्ये एकावर एक रचता. चिलर आतल्या हवेचे ४ दाखवतो, मधल्या क्रेटमधल्या कोंबडीला ते कोण सांगणार?
टोकदार थर्मामीटर घ्या. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते आधी बघा. मग छातीच्या जाड भागात, हाडाला न लागता खुपसा. कापल्यापासून चार तासांत ४ अंश यायला हवेत.
आणखी एक. ऑर्डर वाढली तेव्हा पक्षी उपाशी ठेवायचे तास बदलले का? आठ ते बारा तास खाद्य बंद, पाणी चालू. कमी ठेवले तर आतडी भरलेली, जास्त ठेवले तर आतडी नाजूक होतात. दोन्हीकडून फुटतात आणि ड्रममध्ये विष्ठा जाते.

सकाळची_पाळी
गाडी हल्ली दुपारीच येते. म्हणजे सोळा तास होत असतील. बघतो.

*(दोन दिवसांनी)*

सकाळची_पाळी
परवाचा सगळा माल फेकला. थर्मामीटर आणला. पिसांची टाकी ६६ निघाली, हाताला ५८ वाटत होती. पहाटे कापलेल्यांपैकी वरच्या क्रेटची कोंबडी दुपारी ६ अंश, मधल्या क्रेटची १७. चिलर तेव्हाही ४ दाखवत होता. मी दोनदा खुपसून पाहिलं, दुसऱ्यांदा १८ आला.
आज शंभर-शंभरच्या खेपा केल्या. पहिल्या ड्रममध्ये साधं वाहतं पाणी, त्यात अंगची गरमी आणि रक्त जातं. दुसऱ्यात बर्फ आणि क्लोरीन, पट्टीने मोजून, खेपेगणिक नवं पाणी. तिथून निथळून एका थरात रॅकवर, मग क्रेट. तिसऱ्या खेपेला बर्फ संपला, तिथे ९ वर अडकलो. ती खेप हॉटेलला दिली नाही. उद्या बर्फ दोनशे किलो सांगितलाय, गाडी संध्याकाळी मागवलीय.

उकडहंडी
६६! मी म्हटलं होतं.

माजी_निरीक्षक
९ वाली घरीही खाऊ नका. तिसरी खेप बर्फ आल्यावरच कापा.

ओंडका
ठोकळ्याचं काय झालं?

सकाळची_पाळी
बाहेर काढलाय. त्याच्यावरच बसून टाइप करतोय.