आजोबांच्या पेटीतली पुस्तकं : पहिली आवृत्ती कशी ओळखायची?

पऱ्हाटी (दर्यापूर तालुका)
मंडळी, सल्ला पाहिजे. आजोबांची दोन पेट्या भरून पुस्तकं गावच्या घरी निघाली. आजोबा शिक्षक होते, त्यामुळे कादंबऱ्या कमी. आत्मकथनं, वैचारिक, शेतीवरची जास्त. 'बलुतं' आहे, बाबासाहेबांचं इंग्रजी 'द बुद्ध अँड हिज धम्म' आहे. अकोल्याचा एक जण किलोवर मागतोय. यातली पहिल्या आवृत्तीची कोणती, हे घरबसल्या कळेल का? काहींवर तसं छापलंच आहे, तेवढं पुरे का?

वर्धाकाठ
किलोवर अजिबात देऊ नका भाऊ.

छापलेल्या त्या एका ओळीवर विसंबू नका. प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक स्वतःची छपाई 'पहिली आवृत्ती' म्हणून काढतो, पुस्तक वीस वर्षं जुनं असलं तरी. शीर्षकपानाची मागची बाजू पूर्ण वाचा. आवृत्त्यांची वर्षं ओळीनं दिली असतील तर सगळ्यात अलीकडचं वर्ष तुमच्या प्रतीचं. नुसत्या कॉपीराइटच्या सालावर जाऊ नका, ते पुढच्या छपाईतही तसंच राहतं.

'बलुतं' 1978 साली ग्रंथालीनं काढलं. 'द बुद्ध अँड हिज धम्म' बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनानं छापलं. तैवानमध्ये मोफत वाटपासाठी छापलेल्या प्रतीही आपल्याकडे खूप आहेत, तेव्हा आधी ते पान बघा. प्रत कोणतीही निघो, ते पुस्तक घराबाहेर जाऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सातपुडा
साल छापलेलं नसेल किंवा पान फाटलं असेल तर किंमत बघा. रुपये-आणे असतील तर पुस्तक बहुतेक एप्रिल 1957 च्या आधीचं. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे असतील तर 1957 ते 1964 च्या दरम्यानचं. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ती छपाई ऑगस्ट 1972 नंतरची, कारण पिनकोड तेव्हाच सुरू झाला. आणि 978 नं सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिसला तर प्रत या शतकातली, मुखपृष्ठ कितीही जुन्या वळणाचं असो. किमतीवर नवीन चिकटपट्टी लावलेली असते कधीकधी. ती ओढून काढू नका, पान उजेडासमोर धरा, खालचे आकडे दिसतात.

मोर्शीकर
पेटीतल्या कोण्या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का आहे का, तेही पाहा बाप्पा. दाखल क्रमांकाजवळ तारीख असते, पुस्तक त्या तारखेच्या आधी छापलेलं हे नक्की. पण 'रद्द' असा शिक्का नसेल तर ते पुस्तक वाचनालयाचंच. विकायच्या आधी तिथं जाऊन विचारा.

पऱ्हाटी
खूप आभार! 'बलुतं' पुढच्या आवृत्तीचं निघालं. शेतीच्या एका पुस्तकाचं मात्र कोडं आहे. 'शके 1882', किंमत 2 रु. 50 न. पै., पत्ता नुसता 'पुणे 2'. आत 'नांव', 'कांहीं' असे अनुस्वार, आणि पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं की अक्षरांचा उठाव लागतो. आवृत्तीचा उल्लेख कुठंच नाही.

सातपुडा
शकात 78 मिळवा, म्हणजे 1960-61. किंमत, पत्ता, अनुस्वार सगळं त्या काळाशी जुळतं. उठाव लागतो म्हणजे खिळ्यांची, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून दाबलेली छपाई, मागाहून ऑफसेटवर काढलेली नक्कल नाही. पण पहिलीच आवृत्ती की नाही, हे एवढ्यावरून ठरत नाही. प्रस्तावना वाचा, 'या आवृत्तीत' असं काही आहे का? 1950 पर्यंतच्या पुस्तकांना शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. हे नंतरचं, म्हणून राष्ट्रीय ग्रंथसूचीचा मराठी विभाग बघावा लागेल. नागपूरला जाणं झालं तर विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

वर्धाकाठ
आणि तोवर पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा. पुस्तकावरच्या फाटलेल्या कागदी वेष्टनाला सेलोटेप लावू नका, फेविकॉल तर मुळीच नको. त्या वेष्टनावरच निम्मी किंमत ठरते.