ऊस डोक्यावर गेलाय, ड्रोनने फवारू का?

आडसालीवाला, वाळवा: राम राम मंडळी. सव्वादोन एकर ८६०३२ जातीचा ऊस आहे, आठवा महिना. पानांखाली लोकरी मावा, ती रस शोषणारी कीड, पांढराफेक बसलाय. सरीत शिरलं की पात्यांनी मान-हात चिरतात, पाठीवर पंप घेऊन आत जायला गडी तयार नाही. ड्रोनवाले म्हणतात, एकराला १० लिटर पाणी पुरतं. एवढ्यात काय भिजणार?

बचतगटाची पायलट: दादा, पुरतं. थेंब बारीक पडतो आणि पंख्याच्या वाऱ्याने पानं हलतात, म्हणून थोडं खालच्या बाजूलाही लागतं. पण दाट उसात बुडापर्यंत पोचत नाही, हे आधीच सांगते. एकराला सात-आठ मिनिटं लागतात. मी सकाळी वारा पडलेला असतानाच उडवते. शेजारी तुतीची बाग असेल तर नाहीच. एकदा वारा फिरला आणि रेशीमवाल्या काकूंचे किडे गेले असते, तेव्हापासून आधी बांध फिरून येते. विजेच्या ताराही बघून ठेवा. २०१७ साली यवतमाळला कापूस फवारताना विषबाधेने माणसं गेली, ते आठवलं की पंप पाठीवरून उतरला याचं मला फार बरं वाटतं.

जुना शेतकरी: आधी पानं उलटून बघा. माव्यात डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या किंवा मायक्रोमस हे मित्रकीटक दिसले तर औषध मारू नका, तेच मावा खातात.

आडसालीवाला: आत्ताच बघून आलो. बांधाकडच्या पानांवर डिफाच्या हिरवट अळ्या आहेत. ताई, आठ दिवस थांबतो.