पॉर्न, पुरुषांच्या अपेक्षा आणि प्रत्यक्ष सहवास : अनुभव धागा

पॉर्न पाहणे योग्य की अयोग्य, हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर बंदी असावी का, हाही नाही. २०१५ साली केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला, २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ रोखली गेली, आणि पाहणारे पाहतच राहिले. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, लग्नाआधी कितीतरी वर्षे हे पाहिलेल्या पुरुषाच्या मनात सहवासाबद्दल कोणत्या अपेक्षा रुजतात, आणि जोडीदार प्रत्यक्ष समोर आल्यावर त्यांचे काय होते? र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून लैंगिक प्रश्नांवर मराठीत उघडपणे लिहिले आणि त्यासाठी खटले सोसले. तरीही आपल्या घरांत हा विषय निघत नाही आणि ती रिकामी जागा व्हिडिओंनी व्यापली आहे. माझ्या मते त्यातल्या नग्नतेपेक्षा त्यातला अबोला अधिक नुकसान करतो, कारण तिथे कोणी कोणाला काही विचारतच नाही. आपला अनुभव याहून वेगळा असेल तर तोही अवश्य लिहावा. ओळख पटेल असे तपशील टाळावेत. स्त्रियांनीही लिहावे, ही विशेष विनंती.

पुरुष, वय ४१, सांगली जिल्हा

आमच्या तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळत असे. गाण्यांबरोबर ‘तसल्या’ क्लिपाही त्यात असत. लग्नापूर्वी माझे या विषयातले सगळे शिक्षण तेवढेच. त्या क्लिपांमधल्या स्त्रिया सतत आवाज करत, आणि तो आवाज म्हणजेच तिचे सुख, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते. पत्नी पहिल्या रात्रीपासून गप्प असायची. तिला मी आवडलो नाही, किंवा माझ्यातच काही उणे आहे, या दोनच शक्यता मला दिसत होत्या, आणि त्या विचाराने मी तिच्याशी दिवसासुद्धा तुटक वागू लागलो. पुढे नोकरीनिमित्त आम्ही भाड्याच्या घरात वेगळे राहू लागलो, तेव्हा एकदा तिनेच सांगितले की गावाकडच्या घरात पत्र्याच्या आडोशापलीकडे सासू-सासरे झोपत असल्यामुळे ती बांगड्या काढून उशाखाली ठेवायची आणि श्वासही बेताने घ्यायची. मी तिला कधी विचारले असते तर तिने तेव्हाच सांगितले असते. मात्र विचारणे हा या गोष्टीचा भाग असू शकतो, हे मला कुठेच दिसलेले नव्हते.

स्त्री, वय ३३, पुणे

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधीही बळजबरी केली नाही, हे आधी स्पष्ट करते. तरी प्रत्येक वेळी सगळे एका ठरलेल्या क्रमाने घडायचे, आणि त्या क्रमात माझ्या होकाराला किंवा नकोला जागाच नव्हती. तो माझ्याकडे पाहत असे, पण मी कशी दिसते आहे हे तपासल्यासारखे. प्रसूतीनंतर तर मला दिवा चालू ठेवण्याचीही भीती वाटू लागली. आम्ही समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी काही काळ संभोग पूर्ण बंद ठेवून केवळ स्पर्शाचा सराव करायला सांगितला: एकाने स्पर्श करायचा, दुसऱ्याने काय आवडले, काय नाही ते शब्दांत सांगायचे, आणि पुढे काही ‘घडवायचे’ नाही. पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवून त्याने “इथे बरे वाटते का?” असे विचारले, तेव्हा मला रडू आले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलेला नव्हता.

डॉक्टर, नाशिक

माझ्याकडे येणाऱ्या तरुणांचा सर्वांत मोठा प्रश्न असतो ‘टायमिंग’. अर्धा-पाऊण तास हे सामान्य, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच देशांतील ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून संभोगाची वेळ मोजली, तेव्हा मध्यक (निम्म्यांची वेळ याहून कमी, निम्म्यांची जास्त) निघाला ५.४ मिनिटे. लिंगाच्या आकाराबाबतही तेच, पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचा २०१५ सालचा आढावा ताठर अवस्थेतील सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर असल्याचे सांगतो. हे आकडे ऐकून काही जणांचा चेहरा समोरच सैल होतो. पडद्यावरचे दृश्य अनेक तुकडे जोडून तयार होते, मधले थांबणे आणि औषधे कापली जातात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ताठरतेसाठीच्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांचा रक्तदाब त्यांमुळे धोकादायकरीत्या खाली जातो.

आणखी एक सांगणे मला आवश्यक वाटते. अनेक जण “मला व्यसन लागले आहे” असे स्वतःच ठरवून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात लैंगिक वर्तनावरचा ताबा दीर्घकाळ सुटल्याचे निदान आहे, पण केवळ नैतिक अपराधीपणामुळे होणारा त्रास त्या निदानास पुरेसा नाही, असेही तिथे नमूद आहे. ज्याचे काम, झोप आणि नाते सुरळीत चालू आहे, त्याला मी आजारी ठरवत नाही. एकट्याने पाहताना ताठरता येते आणि पत्नीजवळ येत नाही, अशी तक्रार असेल तर मी रक्तातील साखर तपासतो, झोप आणि ताण यांची चौकशी करतो, आणि शक्य असल्यास पुढच्या भेटीत दोघांना एकत्र बोलावतो.

पुरुष, वय २९, ठाणे

मी समलिंगी आहे. २०१८ साली ३७७ कलमाबाबतचा निकाल येण्यापूर्वी माझ्यासारखी माणसे मला पडद्यावर केवळ याच प्रकारात दिसली, त्यामुळे त्या व्हिडिओंनी मला एकटेपणातून बाहेर काढले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपू शकतात, हे त्यांत कुठेच नव्हते. पहिल्या जोडीदाराने नुसता हात धरून ठेवला, तेव्हा पुढे काय करायचे असते, हे मला कळेना.

पुरुष, वय ३६, कोल्हापूर

माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही दोघे अधूनमधून एकत्र पाहतो, आणि ज्या गोष्टी थेट बोलायला संकोच वाटत होता त्या त्या निमित्ताने बोललो. तिला काय अजिबात नको आहे, हेही मला असेच समजले.

पुरुष, वय ३८, मूळ रत्नागिरी, सध्या दुबई

एका खोलीत आम्ही अनेक जण राहतो आणि घरी जाणे वर्षातून एकदाच होते. पांघरुणाखालचा फोन हाच मधल्या काळातला आधार. सुट्टीवर जाताना मी मनात वर्षभराची दृश्ये घेऊन जात असे, आणि पत्नीला मात्र पहिले काही दिवस केवळ शेजारी बसून बोलायचे असे: मुलीची शाळा, आईचे गुडघे, घराची गळती. मला तो नकार वाटायचा आणि निम्मी सुट्टी अबोल्यात जायची. गेल्या खेपेपासून मी निघण्याआधीच आम्ही फोनवर या विषयावर बोलतो. ती म्हणाली, “आल्या आल्या तुम्ही मला परके वाटता, मला थोडे दिवस द्या.” ते मी दिले. फोनवर पाहण्याची सवय सुटलेली नाही, आणि ती सुटली असे मी तिला खोटेही सांगितलेले नाही.