बच्चन कट, साधना कट, कोंबडा, फुगा : कशाला काय म्हणायचे?

जुन्या अल्बममधले जे केस बघून आता घरातले सगळे पान पटकन उलटतात, त्या केसांना तेव्हा नक्की काय म्हणायचे ते मला गोळा करायचंय. आमच्या लहानपणी ठाण्याच्या नौपाड्यात सलूनवाल्या काकांना नुसतं नाव सांगितलं की झालं, बच्चन नाहीतर सोल्जर. बच्चन म्हणजे कान झाकलेले आणि मानेवर रुळणारे, सोल्जर म्हणजे कानावरून मागपर्यंत मशीन फिरवलेलं. पण पुढे जो उंच फुगवटा काढायचे त्याला आमच्याकडे कोंबडा म्हणायचे आणि पुण्याला मामाकडे फुगा, तर हे दोन्ही एकच का? आणि कल्ले बरोबर की कलम?

—

दादा, माझ्या मते एक नाहीत. फुगा म्हणजे पुढचे सगळे केस गोल उचलून मागे नेलेले, देव आनंदचे आठवा. कोंबडा हा तुऱ्यासारखा, आणि तो शब्द बहुतेक घरातली मोठी माणसं रागावतानाच वापरायची, सलूनमध्ये जाऊन कोंबडा काढा असं कोणी म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही. कल्ले म्हणजे गालावर उतरलेले दाट केस, ७०च्या दशकातल्या फोटोंत दिसतात ते. कलम हा हिंदीतून आलेला कारागिरांचा शब्द, कानापाशी वस्तऱ्याने कड आखतात ती. म्हणून "कलम सरळ ठेवू का तिरकी" असं विचारतात आणि "कल्ले वाढवलेत" असं म्हणतात.

—

मुलींचं कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. साधना कट १९६०च्या 'लव्ह इन सिमला'पासूनचा. साधनाचं कपाळ रुंद दिसायचं म्हणून ऑड्री हेपबर्नसारख्या पुढच्या बटा कापल्या आणि त्या इतक्या चालल्या की नाव तिचंच पडलं. आमच्या आईच्या कॉलेजच्या ग्रुप फोटोत निम्म्या मुली तशाच आहेत, आई आता तो फोटो कोणाला दाखवू देत नाही आणि मला मात्र तो फार आवडतो. आमची आजी साधना कट कधीच म्हणायची नाही, "कपाळावर झिपऱ्या" एवढंच. झिपऱ्या, झिंज्या, बटा, महिरप, सगळे कपाळावरचेच केस पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते शब्दावरून लगेच कळतं.

—

ताई, आजीच्या त्या झिपऱ्यांमागे बरंच आहे. आपले जुने शब्द बघा, वेणी, अंबाडा, खोपा, बुचडा, भांग, सगळे बांधण्याचे नाहीतर विंचरण्याचे. बाईचे केस कापण्याला जुना शब्द शोधला तर समोर येतो तो केशवपन, म्हणजे विधवेच्या डोक्यावरून वस्तरा. त्याविरुद्ध १८९०च्या सुमारास मुंबईत नाभिकांनी हे काम करायचंच नाही असं ठरवलं, त्यात पुढाकार कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा, आणि त्यांचा जन्म आपल्या ठाण्यातला. हे शाळेत ठळकपणे शिकवायला हवं. बाईच्या केसांना कात्री लागणं ज्या घरांत अशुभ होतं तिथे हौसेने कापलेल्या केसांना मराठी शब्द येणार कुठून, मग बॉबकट, बॉयकट, स्टेप कट, यू कट हे सगळे बाहेरून आले आणि आपण ते घेतले. मला यात काहीच वाईट वाटत नाही. घरचे कितीही ओरडले तरी ज्या पोरींनी पहिल्यांदा बॉबकट करून घेतला त्यांनी अल्बम मिटायचं कारणच नाही.

—

नेरूळवरून लिहितोय, आमची पिढी तेरे नामवाली. पिक्चर २००३चा, मधे भांग आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे केस, वर्गातली अर्धी मुलं तशी आणि पीटीचे सर कंगवा घेऊन उभे. इथे एक वापर नोंदवून ठेवा, आम्ही तेरे नाम कट असं क्वचितच म्हणायचो, "तेरे नाम मारलाय" म्हणायचो. २००८ला घजनी आला तेव्हाही "घजनी मारला". बच्चन कट करायचे, साधना कट ठेवायच्या आणि आमचा मारायचा. मशीन मारणे, झिरो मारणे असं आधीपासून होतंच, त्यावरूनच आलं असावं असं मला वाटतं. ऐरोली-ठाण्याकडे तेव्हा शाळेत असलेल्यांनी सांगा, तुमच्याकडेही मारलाच म्हणायचे का?